पांढऱ्या फॉस्फरसला पर्याय: सेंद्रिय फॉस्फरस संयुगांच्या कच्च्या मालाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१. सेंद्रिय फॉस्फरस म्हणजे कीटकनाशकंच ना?

नाही, कीटकनाशके हा त्यातला एक भाग. कापडगिरण्यांत धाग्यावर स्थिर वीज साचू न देणारी तेले, धातुकामातली वंगणे, प्लास्टिकमधले ज्वालारोधक, बॉयलरच्या पाण्यात क्षार बसू न देणारी फॉस्फोनेट, औषधनिर्मितीत लागणारे ट्रायफिनाइलफॉस्फीन आणि चॉकलेटमधले सोया लेसिथिन, ही सगळी सेंद्रिय फॉस्फरस संयुगेच आहेत. कच्च्या मालाचा पर्याय शोधताना या सगळ्यांना एकच उत्तर लागू पडत नाही. ते का, हे प्रश्न ४ मध्ये आहे.

२. आज हा उद्योग नेमका कशापासून सुरू होतो?

बहुतेक करून पांढऱ्या फॉस्फरसपासून. व्यापारात त्यालाच पिवळा फॉस्फरस म्हणतात. खनिज फॉस्फेट, कोक आणि वाळू विजेच्या भट्टीत सुमारे १५०० अंश सेल्सिअसला तापवली की फॉस्फरसची वाफ निघते, ती पाण्याखाली थंड करून गोळा करतात. एक टन फॉस्फरसला साधारण १३ ते १४ मेगावॉट-तास वीज लागते आणि सात-आठ टन कॅल्शियम सिलिकेटची मळी उरते. पुढे या फॉस्फरसवर क्लोरीन सोडून फॉस्फरस ट्रायक्लोराइड बनवतात आणि त्यातून बाकीची झाडे-फांद्या फुटतात.

या वाटेतला विरोधाभास असा, की खनिजात फॉस्फरसचा ऑक्सिडेशन अंक (अणूने गमावलेल्या इलेक्ट्रॉनांचा हिशोब) +५ असतो. प्रचंड वीज जाळून तो शून्यावर आणायचा, क्लोरीनने +३ वर न्यायचा आणि पुष्कळ उत्पादनांत शेवटी पुन्हा +५ वर आणून ठेवायचा.

३. चाललंय ते बरं आहे की. पर्याय कशाला?

तीन कारणे आहेत. पहिले पुरवठ्याचे. पांढरा फॉस्फरस मोठ्या प्रमाणावर चीन, व्हिएतनाम, कझाकस्तान आणि अमेरिका एवढेच देश बनवतात. युरोपीय संघातला शेवटचा कारखाना, नेदरलँड्समधल्या व्लिसिंगेनचा थर्मफॉस, २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेला. २०१७ मध्ये युरोपीय संघाने फॉस्फरसला 'निर्णायक कच्चा माल' म्हणून यादीत घातले. सप्टेंबर २०२१ मध्ये चीनच्या युनान प्रांताने वीजटंचाईमुळे उत्पादनावर कडक मर्यादा आणली, तेव्हा जगभर भाव उसळले. रोहा किंवा लोटे-परशुरामच्या पट्ट्यात फॉस्फरसचे रसायन हाताळणाऱ्यांनाही अशा उड्या झेलाव्या लागतात.

दुसरे कारण क्लोरीनचे. एक किलो फॉस्फरस ट्रायक्लोराइडचे पाण्याशी पूर्ण विघटन झाले की सुमारे ८०० ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड निघतो. अंतिम मालात क्लोरीनचा एकही अणू नसला तरी तो विकत घ्यायचा, हाताळायचा, स्क्रबरमध्ये (वायू धुणाऱ्या यंत्रात) पकडायचा आणि क्षार म्हणून सांडपाण्यात सोडायचा.

तिसरे कारण सुरक्षिततेचे. पांढरा फॉस्फरस ४४ अंशाला वितळतो, उघड्यावर जवळपास खोलीच्या तापमानालाच पेट घेतो आणि विषारी आहे.

४. माझ्या उत्पादनाला पर्याय आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

उत्पादनाच्या रचनेत फॉस्फरसला काय काय जोडलेले आहे ते पाहा.

फॉस्फरस +५ वर असेल आणि त्याला फक्त ऑक्सिजन जोडलेले असतील, म्हणजे माल फॉस्फेट एस्टर (फॉस्फोरिक आम्ल आणि अल्कोहोल जोडून होणारे संयुग) असेल, तर शून्यावर उतरायची गरजच नाही. खनिजातून फॉस्फोरिक आम्ल, त्यातून पॉलिफॉस्फोरिक आम्ल (पाणी काढून रेणू एकमेकांना जोडलेले आम्ल) आणि मग एस्टर, असा सरळ रस्ता आहे (प्रश्न ६ ते ११).

फॉस्फरसला थेट कार्बन जोडलेला असेल, किंवा फॉस्फरस +३ वा त्याखाली असेल, तर कुठेतरी क्षपण (ऑक्सिडेशन अंक खाली आणणे) करावेच लागते. तिथे पर्यायी कच्चा माल खर्चाची जागा बदलतो, खर्च पुसून टाकत नाही. त्या वाटा बहुतांशी प्रयोगशाळेतच आहेत (प्रश्न १४).

या दोन ओळींनी निम्म्याहून जास्त चौकश्या निकाली निघतात.

५. लाल फॉस्फरस, सोडियम हायपोफॉस्फाइट, फॉस्फरस आम्ल हे पर्याय नाहीत का?

हाताळायला सोपे आहेत, पण पुरवठ्याच्या दृष्टीने पर्याय नाहीत. लाल फॉस्फरस म्हणजे बंद भांड्यात तापवलेला पांढरा फॉस्फरस. हायपोफॉस्फाइट पांढऱ्या फॉस्फरसवर अल्कलीची क्रिया करून होते. फॉस्फरस आम्ल बहुधा ट्रायक्लोराइडच्या जलविघटनातून येते. युनानमध्ये वीज गेली की या सगळ्यांचे भाव चढतात. फॉस्फरस पेंटॉक्साइडही याच यादीतला, कारण तो पांढरा फॉस्फरस जाळून करतात. पुरवठादाराने 'क्लोरीनमुक्त' म्हटले म्हणून माल 'पांढऱ्या फॉस्फरसपासून मुक्त' होत नाही, हे खरेदी विभागाला एकदा नीट सांगून ठेवा.

६. ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल आणि अल्कोहोल एकत्र तापवून एस्टर का होत नाही?

होतो, पण नगण्य. आम्लात आधीच १५ टक्के पाणी आहे, शिवाय क्रियेत आणखी पाणी तयार होते, त्यामुळे समतोल उलट्या बाजूला राहतो. पाणी काढण्यासाठी तापमान चढवले तर अल्कोहोलचेच निर्जलीकरण होऊन अल्कीन आणि ईथर बनतात आणि माल काळा पडतो. एस्टर बनवण्याची ताकद फॉस्फरस–ऑक्सिजन–फॉस्फरस या दुव्यात असते. तो दुवा अल्कोहोल फोडते, एका फॉस्फरसला एस्टर मिळतो आणि दुसऱ्याला आम्लाचा हायड्रॉक्सिल. ८५ टक्के आम्लात असे दुवे जवळजवळ नसतात. पेंटॉक्साइडमध्ये आणि पॉलिफॉस्फोरिक आम्लात असतात.

७. मग पेंटॉक्साइड घेऊ की पॉलिफॉस्फोरिक आम्ल?

दुवे मोजले की निर्णय सोपा होतो.

पेंटॉक्साइडच्या एका मोलमध्ये (१४२ ग्रॅम) असे तीन दुवे असतात, म्हणून तो तीन मोल अल्कोहोल घेतो आणि मोनोएस्टर (एका फॉस्फरसला एक अल्कोहोल जोडलेला) व डायएस्टर (दोन जोडलेला) साधारण समप्रमाणात मिळतात. १०० किलो लॉरिल अल्कोहोलला (बारा कार्बनच्या साखळीचे अल्कोहोल) हिशोबाने २५.४ किलो पेंटॉक्साइड लागतो.

बाजारात '११५ टक्के' म्हणून मिळणाऱ्या (म्हणजे पाणी घातल्यास १०० किलोचे ११५ किलो फॉस्फोरिक आम्ल होईल अशा) पॉलिफॉस्फोरिक आम्लात पेंटॉक्साइडचे प्रमाण ८३.३ टक्के असते. त्याच्या १०० किलोत १.१७ किलोमोल फॉस्फरस असतो, पण दुवे फक्त ०.८३ किलोमोल. म्हणजे १५५ किलो लॉरिल अल्कोहोल हीच मर्यादा. पुष्कळ जण फॉस्फरसइतके मोल अल्कोहोल घालतात आणि मग 'क्रिया अडकली' म्हणून तापमान वाढवत बसतात. क्रिया अडकलेली नसते, दुवे संपलेले असतात. या पद्धतीत मोनोएस्टर भरपूर मिळतो, डायएस्टर थोडाच. मात्र जवळपास ३० टक्के फॉस्फरस मोकळे फॉस्फोरिक आम्ल म्हणून मालातच राहतो.

मोनोएस्टर पाण्यात चांगला विरघळतो, फेस आणि स्वच्छता देतो. डायएस्टर तेलात पायस (इमल्शन) बनवायला आणि वंगणाला बरा. मोकळे आम्ल साबणासारख्या मालात चालून जाते, कारण ते उदासीन केल्यावर फॉस्फेटचे क्षार होतात. धातूच्या वंगणात चालत नाही. पांढऱ्या फॉस्फरसपासून खरोखर सुटायचे असेल तर पॉलिफॉस्फोरिक आम्लच घ्यावे लागेल, तेही प्रश्न ११ मधली अट तपासून.

८. पेंटॉक्साइडची बॅच कशी चालवायची?

हे लांब साखळीच्या अल्कोहोलसाठी आहे.

आधी अल्कोहोलमधले पाणी तपासा. ०.५ टक्के पाणी किरकोळ वाटते, पण १०० किलोत ते अर्धा किलो, म्हणजे ०.०२८ किलोमोल होते आणि एकूण दुव्यांपैकी ५ टक्के खाऊन मोकळे आम्ल बनवते. ०.१ टक्क्याखाली आणा. व्हॅक्यूममध्ये ९० अंशाला तास-दीड तास ठेवले की पुरते.

मग ४५ ते ५० अंशाला आणून कोरडा नायट्रोजन चालू ठेवा आणि जोरात ढवळत पेंटॉक्साइड थोडा थोडा सोडा. दीड-दोन तासांत सगळा जावा आणि तापमान ७० च्या वर जाऊ नये. जॅकेटमध्ये थंड पाणी आधीच तयार हवे, नंतर शोधू नका. सगळा विरघळल्यावर ८० अंशाला चार-पाच तास ठेवा. शेवटी एकूण वजनाच्या सुमारे १ टक्का पाणी घालून ८५ अंशाला तासभर ढवळा. याने उरलेले पायरोफॉस्फेट (दुवा न फुटलेले रेणू) फुटतात. पाणी घालण्यापूर्वी तळाशी न विरघळलेला पेंटॉक्साइड नाही याची डोळ्यांनी खात्री करा. तो असेल आणि पाणी पडले तर उकळी उसळून मॅनहोलमधून बाहेर येते.

पेंटॉक्साइड उघड्या मॅनहोलमधून फावड्याने टाकण्याची पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. वाफेने तोंडाशीच चिकट लगदा जमतो, वाट बुजते आणि कामगार काठीने ढोसतो. बंद हॉपर आणि स्क्रू फीडर हा खर्च टाळू नये. भरणाऱ्याला हवेच्या नळीचा मास्क द्यावा, साधा कापडी चालत नाही.

९. माल तपकिरी होतो आणि तळाशी गाठी राहतात. काय चुकतं?

दोन्हींचे मूळ बहुधा एकच असते. पेंटॉक्साइड ढवळण्यापेक्षा वेगाने पडला की त्याच्या ढेकळाभोवती दाट एस्टरचे कवच तयार होते आणि आतली पूड कोरडीच राहते. कवचालगत तापमान दर्शकावर दिसते त्यापेक्षा बरेच वर जाते आणि अल्कोहोल जळते. नंतर ८० अंशाला कवच सुटले की उष्णता एकदम बाहेर पडते, तीही जॅकेटला वाफ चालू असताना. म्हणून तापमान स्थिर आहे एवढ्यावर विसंबू नका, टाकण्याचा वेग बांधून द्या.

रंग आधीच आला असेल तर ७० अंशाखाली ३५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ०.२ ते ०.५ टक्के घालून थोडा उतरतो. रंग येऊच नये म्हणून काही जण सुरुवातीलाच थोडे हायपोफॉस्फरस आम्ल घालतात. उपाय चांगला आहे, पण ते आम्ल १३० अंशाच्या आसपास विघटित होऊन अतिशय विषारी फॉस्फीन वायू सोडते. तापमान शंभराखालीच राहील अशी व्यवस्था नसेल तर त्याच्या नादी लागू नका. आणि दोन्ही एकाच बॅचमध्ये वापरू नका: एक क्षपणक, दुसरा ऑक्सिडीकारक, एकमेकांना संपवतात.

इथॉक्सिलेटेड (इथिलीन ऑक्साइड जोडलेल्या) अल्कोहोलमध्ये रंग आणखी लवकर येतो. तिथे सगळी तापमाने १० अंशांनी खाली ठेवा आणि वेळ वाढवा.

१०. मोनो, डाय आणि मोकळं आम्ल वेगवेगळं कसं मोजायचं? आम्लांक पुरत नाही का?

आम्लांक (नमुना उदासीन करायला एकूण किती अल्कली लागतो तो आकडा) तिघांची बेरीज सांगतो, वाटणी सांगत नाही. पीएच मीटर लावून तीन टप्प्यांचे टायट्रेशन करा.

एक-दीड ग्रॅम नमुना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याच्या समभाग मिश्रणात विरघळवा. सोडियम हायड्रॉक्साइडने पहिली उडी पीएच ५ च्या आसपास येते. तोवर लागलेला अल्कली म्हणजे 'अ'. तिथून पीएच साडेनऊच्या सुमारास येणाऱ्या दुसऱ्या उडीपर्यंत 'ब'. मग आधीच त्याच पीएचवर आणलेले कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण भरपूर घाला. फॉस्फोरिक आम्लाचा तिसरा प्रोटॉन सुटतो आणि पीएच कोसळतो. परत दुसऱ्या उडीवर यायला लागलेला अल्कली 'क'.

मोकळे आम्ल म्हणजे क. मोनोएस्टर म्हणजे ब वजा क. डायएस्टर म्हणजे अ वजा ब.

उदाहरणार्थ, लॉरिल एस्टरमध्ये प्रति ग्रॅम अ २.८०, ब १.७० आणि क ०.३० मिलिसममूल्य आले, तर मोनो १.४० आणि डाय १.१० मिलिमोल. वजनात मोनो सुमारे ३७ टक्के, डाय ४८, आम्ल ३, आणि उरलेले बारा-तेरा टक्के प्रामुख्याने क्रिया न झालेले अल्कोहोल. बेरीज शंभराच्या बरीच वर गेली तर पायरोफॉस्फेट शिल्लक आहेत. प्रश्न ८ मधला पाण्याचा टप्पा अपुरा झाला. ट्रायएस्टर उदासीन असल्याने या पद्धतीत दिसत नाही.

११. ओल्या पद्धतीचं फॉस्फोरिक आम्ल चालेल का? ते खताचं असतं ना?

खताच्या दर्जाचे चालणार नाही, शुद्ध केलेले चालेल. ओल्या पद्धतीत खनिज फॉस्फेटवर सल्फ्युरिक आम्ल टाकतात. भट्टी नाही, पांढरा फॉस्फरसही नाही; मात्र दर टन पेंटॉक्साइडमागे पाचेक टन फॉस्फोजिप्सम उरतो, आणि त्याचे ढीग हा स्वतंत्र डोकेदुखीचा विषय आहे. मिळणाऱ्या गढूळ आम्लात लोह, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, फ्लोराइड, सल्फेट, आर्सेनिक, कॅडमियम आणि खनिजातला सेंद्रिय मळ असतो. द्रावक निष्कर्षणाने ते धुऊन खाद्य दर्जापर्यंत नेता येते.

खरेदी करताना फक्त टक्केवारी पाहू नका. फ्लोराइड जास्त असेल तर ग्लासलाइन्ड रिअॅक्टरची काच हळूहळू खातो. क्लोराइड असेल तर ३१६एल पोलादात खड्डे पडतात. लोह असेल तर माल पिवळा होतो आणि तुम्ही प्रश्न ९ वाचत दोष ढवळणीला देत बसता.

आणि अट ही: ११५ टक्क्यांचे पॉलिफॉस्फोरिक आम्ल 'ओल्या पद्धतीचे' म्हणून मिळाले, तरी शेवटची सांद्रता गाठायला त्यात पेंटॉक्साइड मिसळला आहे का हे विचारा. निव्वळ तापवून इतके सांद्र करणे भांड्यांच्या गंजामुळे अवघड जाते, म्हणून मिसळण्याची पद्धत आहे. कमी सांद्र, १०५ टक्क्यांचे आम्ल फक्त बाष्पीभवनाने मिळते, पण त्यात दुवे कमी आणि मोकळे आम्ल अधिक.

१२. सांडपाण्यातून मिळणारा फॉस्फरस वापरता येतो का?

येतो, पण आम्लाच्या रूपात. मलजलाचा गाळ वेगळा जाळला तर राखेत साधारण ५ ते १० टक्के फॉस्फरस असतो. जर्मनीत २०१७ च्या नियमानुसार एक लाखांहून अधिक लोकसंख्या-समतुल्य क्षमतेच्या केंद्रांना २०२९ पासून फॉस्फरस परत मिळवणे बंधनकारक आहे. हॅम्बुर्गमध्ये राखेतून फॉस्फोरिक आम्ल काढण्याचा प्रकल्प उभा आहे. याच शहरात १६६९ मध्ये हेनिग ब्रांटने मूत्र आटवून फॉस्फरस शोधला होता, हा योगायोग गमतीचा.

स्ट्रुव्हाइट, म्हणजे मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट, खत म्हणून चांगले. त्यात फॉस्फरस १२.६ टक्केच असतो, बाकी पाणी, अमोनिया आणि मॅग्नेशियम. रासायनिक कारखान्याने त्याच्या मागे लागू नये. राख थेट विजेच्या भट्टीत टाकायची कल्पनाही लोहावर अडते: लोह फॉस्फरसला धरून फेरोफॉस्फरस बनवते, आणि मलजल केंद्रात फॉस्फेट बसवायला लोहाचेच क्षार वापरलेले असतात.

१३. वनस्पतींतून तयार सेंद्रिय फॉस्फरस मिळतो का?

मिळतो, आणि महाराष्ट्राला हा पर्याय सर्वांत जवळचा आहे. सोयाबीनच्या कच्च्या तेलात दीड-दोन टक्के फॉस्फोलिपिड असतात. ७० अंशाला दोनेक टक्के पाणी घालून अर्धा तास ढवळले की ते फुगून गोंद बनतात, सेंट्रिफ्यूजमध्ये वेगळे होतात. व्हॅक्यूममध्ये पातळ थरात वाळवून ओलावा १ टक्क्याखाली आणला की लेसिथिन तयार. त्यात फॉस्फरस सुमारे २ टक्के. पायस, वंगण, चामड्याची तेले अशा ठिकाणी ते कृत्रिम एस्टरची जागा घेऊ शकते.

चुका तीन ठिकाणी होतात. ओला गोंद साठवून ठेवला की आंबतो, त्याच दिवशी वाळवा. वाळवताना तापमान शंभराच्या वर गेले की रंग काळवंडतो. तिसरी चूक शेतातूनच येते: काढणीच्या वेळी पावसात भिजलेल्या किंवा ओलीच पोत्यांत भरलेल्या सोयाबीनमध्ये फॉस्फोलिपेज डी हे विकर फॉस्फोलिपिडचे फॉस्फॅटिडिक आम्ल करते. त्याचे कॅल्शियम-मॅग्नेशियम क्षार पाण्याने फुगत नाहीत, तेलातच राहतात. ते काढायला आम्ल घालावे लागते आणि त्या गोंदाचे चांगले लेसिथिन होत नाही. लातूरच्या बाजारात ओलावा मोजून भाव ठरतो त्यामागे वजनाखेरीज हेही कारण समजा.

भाताच्या कोंड्यातले फायटिक आम्ल हा दुसरा स्रोत. त्यात २८ टक्के फॉस्फरस आहे. धातूवरचा गंज रोखायला आणि धातूचे आयन धरायला ते वापरतात. दुसऱ्या संयुगांचा कच्चा माल म्हणून मात्र ते महाग पडते.

१४. ट्रायक्लोरोसिलेनच्या वाटेबद्दल वाचलं. ती कारखान्यात आली का?

नाही. २०१८ मध्ये एमआयटीतल्या कमिन्स यांच्या गटाने फॉस्फेट आणि ट्रायक्लोरोसिलेनपासून, पांढरा फॉस्फरस न बनवता, फॉस्फरस–कार्बन बंधांपर्यंत जाता येते हे दाखवले. रसायन सुरेख आहे. पण ट्रायक्लोरोसिलेन हाच सौर पॅनेलच्या सिलिकॉनचा कच्चा माल, तोही वीजखाऊ आणि ज्वालाग्राही. २०१९ मध्ये रेगेन्सबर्ग विद्यापीठात प्रकाशाच्या मदतीने पांढऱ्या फॉस्फरसपासून थेट ॲरिलफॉस्फीन (फॉस्फरसला बेंझिनसारखी वलये जोडलेली संयुगे) मिळवले. त्यात क्लोरीन टळते, पांढरा फॉस्फरस टळत नाही. २०२३ मध्ये वितळलेल्या संघनित फॉस्फेटच्या विद्युत-क्षपणाने ८०० अंशाला पांढरा फॉस्फरस मिळाला. यांतल्या विद्युत-क्षपणाकडे लक्ष ठेवावे, कारण त्यापुढचा सगळा जुना प्लांट तसाच वापरता येईल.

१५. वापरून झालेलं ट्रायफिनाइलफॉस्फीन ऑक्साइड परत वापरता येतं का?

ट्रायफिनाइलफॉस्फीन क्रियेत वापरले की त्याचे हे ऑक्साइड उरते. तांत्रिकदृष्ट्या ते परत वापरता येते. जीवनसत्त्व अ बनवणाऱ्या मोठ्या प्रकल्पांत ते पुन्हा ट्रायफिनाइलफॉस्फीनमध्ये बदलले जाते. त्यासाठी फॉस्जीनसारखी विषारी द्रव्ये लागतात, म्हणून लहान कारखान्याने ते स्वतः करू नये. निदान ते स्फटिकरूपात वेगळे साठवा. मिसळलेल्या गाळाला घेणारा मिळत नाही.

१६. ट्रायक्लोराइड वापरलं नाही तर रासायनिक अस्त्र कराराच्या नोंदी टळतात का?

टळतील असे गृहीत धरू नका. फॉस्फरस ट्रायक्लोराइड, ऑक्सिक्लोराइड, पेंटाक्लोराइड आणि मिथिल-इथिलचे काही फॉस्फाइट एस्टर कराराच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत. पण कायदा फक्त कच्चा माल पाहत नाही. फॉस्फरसला थेट मिथिल, इथिल किंवा प्रोपिल गट जोडलेली बहुतेक संयुगे दुसऱ्या अनुसूचीत येतात, ती कोणत्याही वाटेने बनवली तरी. अनुसूचीत नसलेले फॉस्फरसयुक्त सेंद्रिय रसायनही एका प्लांटमध्ये वर्षाला ३० टनांहून जास्त होत असेल तर घोषणा करावी लागते. भारतात यासाठी २००० चा कायदा आणि राष्ट्रीय प्राधिकरण आहे. निर्यातीला स्कोमेट यादी (निर्यात-नियंत्रित मालाची सरकारी यादी) वेगळी लागू होते.

प्रक्रिया बदलली की जुनी घोषणा आपोआप दुरुस्त होत नाही. नवी वाट चालू करण्यापूर्वी उत्पादनाचे नाव, कॅस क्रमांक (रसायनाचा जागतिक ओळख क्रमांक) आणि क्षमता प्राधिकरणाला कळवा. फॉस्फरस–कार्बन बंध बनवण्याच्या कृती आम्हाला वारंवार विचारल्या जातात. त्या याच कारणाने इथे दिलेल्या नाहीत.